पहिल्या स्लिपचा शब्द

त्याला सगळे मुका म्हणत, पण तो मुका नव्हता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. घरी तो पुरेसं बोलायचा, बायकोच्या मते तर नको तिथे बोलायचा. मुका म्हणायचे ते मैदानावर. विकेटकीपर म्हटला की तो तोंडाळ, असा एक समज आहे आणि तो फारसा खोटा नाही. बॉल पॅडला लागो, बॅटला लागो, की नुसता वाऱ्याला लागो, कीपर आधी हात वर करून ओरडतो आणि काय झालं ते मग बघतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. हा मात्र बॅटची कड लागल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय तोंड उघडत नसे. बोलर कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे आशेने बघायचे, कॅप्टन दात-ओठ खायचा, आणि हा मान हलवून बॉल परत फेकायचा. "अरे, ओरडायला पैसे पडतात का?" असं एकाने विचारलंही होतं.

ही खोड बापाची. बाप घड्याळं दुरुस्त करायचा. एका दरवाजाएवढं दुकान, आत एक स्टूल, डोळ्याला भिंग, आणि समोर उघडी पडलेली घड्याळं. गिऱ्हाइकाने घाई केली तरी बाप घड्याळ आधी कानाला लावायचा, डोळे मिटून ऐकायचा, आणि मगच "चालतंय" म्हणायचा. एकदा म्हटलं की ते घड्याळ चालायचंच. पोर दुसरं काही शिकलं नाही, घड्याळाला तर हात लावला की ते बंद पडायचं, पण कानाला लावून मग बोलायचं हे मात्र त्याच्या हाडात शिरलं.

कीपर तो हौसेने झाला नाही. गल्लीत बॅट एकाच मुलाकडे होती. त्याला सगळे सरकार म्हणत, कारण बॅट सरकारची, नियम सरकारचे, आणि सरकार आऊट झाला की खेळ संपल्याचं जाहीर करणारही सरकारच. बाकीची पोरं त्याच्या पुढेपुढे करायची. मुका वयाने लहान आणि अंगाने बारीक, म्हणून त्याला मागे उभं केलं, म्हणजे गटारात गेलेला बॉल काढायला कोणीतरी असावं. एके दिवशी सरकारच्या बॅटला पुसटशी कट लागली आणि बॉल मुक्याच्या हातात आला. कट सगळ्यांनी ऐकली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. सरकारने दमात घेऊन मुक्याला विचारलं, लागली का रे? मुका म्हणाला, लागली. त्याबद्दल त्याने थोबाडीत खाल्ली. दुसऱ्या दिवशी मात्र सरकार स्वतः त्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि खेळायला चल म्हणाला. गल्लीत आपल्या तोंडावर खरं बोलणारा हा एकटाच आहे, हे त्या मुलाला कळलं होतं, आणि का कोण जाणे, ते त्याला आवडलं होतं. मुका त्या सकाळी जो त्याच्या मागे गेला तो पुढे अर्धं आयुष्य गेला.

दोघं एकाच क्लबात घेतले गेले, एकाच मोसमात पगारी झाले, आणि पुढे मोठ्या टीममध्येही पाठोपाठ आले. सरकार बॅटिंग देखणी करायचा. फिल्डिंगला त्याची जागा ठरलेली होती, पहिली स्लिप. धावायचा कंटाळा असलेल्या माणसाला मैदानावर यापेक्षा चांगली जागा नाही. मुक्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, गुडघ्यांवर हात टेकून तो उभा राहायचा आणि दोन बॉलच्या मधल्या वेळात अखंड बडबड करायचा. काल रात्री कोण काय म्हणालं, कॅप्टनची बायको माहेरी का गेली, पंचांचे बूट कसे आहेत. मुका हसायचा आणि समोर बघायचा. नवरा-बायकोही दिवसाचे एवढे तास एकमेकांच्या इतक्या जवळ उभे राहत नाहीत. पुढे सरकारच्या धाकट्या बहिणीशीच मुक्याचं लग्न झालं. मुक्याला मुलगी दिली की भांडणाचा प्रश्नच नाही, असं सासरे सगळ्यांना सांगत सुटले होते. बायकोने पहिल्याच महिन्यात त्यांचा तो गैरसमज दूर केला, पण संसार गोडीचा झाला.

हळूहळू पंचांच्या लक्षात आलं की हा कीपर उगाच अपील करत नाही. मग ते त्याच्या अपीलवर निर्धास्त बोट वर करायला लागले. मुका ओरडला म्हणजे आऊट, अशी म्हणच पडली. काही बॅट्समन तर त्याचा आवाज आला की पंचांकडे वळूनही बघत नसत, बॅट काखेत मारून चालू पडत. त्याच्याहून चांगले कीपर त्या काळात होते, त्याच्याहून जास्त रन काढणारे तर ढिगाने होते. पण आपल्या विरुद्ध खेळणाऱ्या माणसाने आपल्या शब्दावर मैदान सोडावं, हे त्यांच्यातल्या एकालाही साधलं नव्हतं. मुक्याला त्याचा अभिमान होता. तो कुणाला बोलून दाखवत नसे, पण होता.

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बॅटची कड घेऊन बॉल अगदी जमिनीलगत आला आणि कीपरने झेप टाकून तो पकडला, की बॉल थेट ग्लोव्हमध्ये आला की बोटभर आधी टप्पा पडून आला, हे खुद्द कीपरला कळत नाही. ग्लोव्ह जाड असतो, तोंडात माती गेलेली असते, आणि स्वतःच्या हाताखालचं कोणालाच दिसत नाही. दिसतं ते शेजारी उभ्या असलेल्या पहिल्या स्लिपला. म्हणून कीपर पडल्यापडल्या हळूच विचारतो, क्लीन? स्लिप म्हणते क्लीन, की कीपर अपील करतो. स्लिप म्हणते टप्पा, की तो बॉल परत फेकतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि पंचांनाही ते दोन शब्द ऐकू जात नाहीत. या दोघांमधलाच तो व्यवहार. सरकारने कितीतरी वेळा "टप्पा रे" म्हणून मान हलवली होती आणि मुक्याने निमूट बॉल परत दिला होता. त्यामुळे मुक्याच्या शब्दाला जी किंमत होती, तिच्यात सरकारचा वाटा होता, आणि मुका तो मनापासून मानायचा.

तो दिवस फायनलचा होता. समोरच्या टीमचा डावखुरा बॅट्समन, त्याला सगळे डावराच म्हणत, सकाळपासून ठाण मांडून बसला होता. मॅच त्याच्या हातात होती आणि हे पोराटोरांनाही दिसत होतं. जेवणानंतर लंबूने, म्हणजे त्यांच्या उंच फास्ट बोलरने, एक बॉल बाहेर काढला आणि डावऱ्याच्या बॅटची कड लागली. तो आवाज मुक्याने स्वच्छ ऐकला. बॉल खाली चालला होता. मुक्याने डावीकडे, अगदी सरकारच्या पायांपुढे झेप टाकली, कोलांटी खाल्ली आणि उठला तेव्हा बॉल ग्लोव्हमध्ये होता. डावरा जागचा हलला नव्हता. मुक्याने धापा टाकत विचारलं, "क्लीन?"

"क्लीन," सरकार म्हणाला. "ओरड."

आजवर सरकार कधी 'ओरड' म्हणाला नव्हता. मुक्याला ते पुढे फार वर्षांनी आठवलं. त्या क्षणी त्याने फक्त पहिला शब्द ऐकला आणि हात वर केले. म्हाताऱ्या पंचांनी बोट वर केलं. डावऱ्याने मुक्याकडे एकदा पाहिलं, मान डोलावली, बॅट काखेत मारली आणि गेला. मग बाकीची टीम कोसळली आणि कप यांना मिळाला.

तेव्हा पडद्यावर बघून निकाल देणारे पंच अजून आलेले नव्हते, पण टीव्ही होता. संध्याकाळी टीव्हीवाल्यांनी तो कॅच संथ करून दाखवला. परत दाखवला. टप्पा पडला होता. लहान मुलालाही दिसेल इतका पडला होता. दुसऱ्या दिवशी एका पेपरने मथळा दिला, मुका बोलला आणि खोटं बोलला. दुसऱ्या कुठल्या कीपरचं असं झालं असतं तर लोक हसले असते, कीपरच तो, म्हणाले असते. याला मात्र कोणी सोडलं नाही. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने फसवलं, याचा राग लोकांना जास्त येतो.

चौकशी बसली. वरच्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, टेबलापलीकडे समितीची माणसं, आणि प्रत्येकापुढे झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास. जिना चढताना सरकारने मुक्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू खरं तेच सांग," तो म्हणाला. "मी आहे ना." मुक्याला त्याची गरजही वाटली नव्हती. सकाळी निघताना बायको काळजीत होती, तर तिलाच तो म्हणाला होता की यात काळजीचं काय आहे, दादा आहे की.

आधी म्हाताऱ्या पंचांना विचारलं. ते सरळ माणूस, त्यांनी सरळ सांगितलं. बॉल कीपरच्या अंगाखाली झाकला गेला, मला दिसला नाही. मुक्याने अपील केलं म्हणून मी दिला. त्यांना वाटलं आपण मुक्याच्या बाजूने बोललो. त्या खोलीत मात्र त्याच वाक्याने मुक्याचा गळा आवळला गेला. मग मुक्याला विचारलं. तो म्हणाला, मला कळलं नव्हतं, मी पहिल्या स्लिपला विचारलं, त्याने क्लीन सांगितलं. त्यानंतर त्यांनी सरकारला पुढे बोलावलं.

सरकारने समोरच्या ग्लासावरचं झाकण काढलं, ते बोटांनी फिरवत राहिला. "त्याने मला काही विचारलं नाही," तो म्हणाला. "आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार? मला दिसलंच नाही."

खोलीत पंखा फिरत होता. अध्यक्षांनी मुक्याला विचारलं की आणखी कोणी ऐकलं होतं का. कोण ऐकणार? दुसऱ्या स्लिपला फक्त मुक्याची पाठ दिसली होती, शब्द ऐकू गेले नव्हते. मुका सरकारकडे बघत राहिला आणि सरकार त्या झाकणाकडे. इथे तरी तोंड उघडायचं होतं. टेबलावर हात आपटायचा होता, जन्माची मैत्री काढायची होती, हा माझा मेहुणा आहे आणि हा धडधडीत खोटं बोलतोय असं ओरडायचं होतं. पण जन्मभर खात्री असल्याशिवाय न बोललेल्या माणसाला त्या क्षणी कसलीच खात्री उरली नव्हती. तो नाही म्हणून मान हलवत बाहेर आला.

सरकारने असं का केलं, हे कळायला फार डोकं लागत नाही. जुना कॅप्टन निवृत्त होणार होता आणि पुढचा कोण, तर सरकार, हे सगळ्यांच्या तोंडी होतं. ठपका अर्धा अर्धा वाटला गेला असता तर ते नाव पुसलं गेलं असतं. त्याने कानांवर हात ठेवले आणि पुढच्याच मोसमात टॉस उडवायला उभा राहिला. मुक्यावर दोन मोसमांची बंदी आली. बंदी संपेपर्यंत क्लबाने दुसरा कीपर घेतला होता, आणि क्लबाने राहायला दिलेली खोलीही सोडावी लागली होती. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. ज्या बोलरांना त्याने वर्षानुवर्षं बॉल परत फेकले होते, ते रस्त्यात दिसला की समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागायचे.

त्या संध्याकाळी बायकोने पाणी दिलं, समोर बसली आणि एकच प्रश्न विचारला. "दादाने हे मुद्दाम केलं?"

मुक्याने विचार केला. खोलीत सरकार खोटं बोलला, यात शंका नव्हती. पण मैदानावर? मैदानावर तो खोटं बोलेल हे मुक्याच्या मनात शिरेना. त्याला तिरकं दिसलं असेल, उन्हात चुकलं असेल, तो प्रामाणिकपणे क्लीन म्हणाला असेल, आणि नंतर टीव्हीवर बघून हादरला असेल. समितीपुढे पाय लटपटले. लोकांचे लटपटतात. "नाही," मुका म्हणाला. "घाबरला तो. पळपुटा निघाला, पण लबाड नाही."

हा माणूस खात्री असल्याशिवाय बोलत नाही, हे बायकोइतकं कोणाला ठाऊक? तिने डोळे पुसले आणि पुढच्या महिन्यात आईला भेटायला भावाच्या घरी गेली. मग जात राहिली. मुकाच तिला सांगायचा, जाऊन ये, माणूस घाबरतो, बहिणीने एवढं धरून ठेवू नये. स्वतः मात्र तो कधी त्या दारात गेला नाही.

पोटासाठी त्याने खेळाच्या सामानाच्या एका दुकानामागे दुरुस्तीचं काम धरलं. खिडकीखाली पाट, मेण लावलेला दोरा, दाभण, रबराचे तुकडे. कीपरचे ग्लोव्ह तळव्याला झिजतात, बोटांच्या बेचक्यात उसवतात. तो उसवलेलं शिवायचा, नवं रबर चिकटवायचा, आणि मग हात आत घालून मुठी वळून बघायचा. गिऱ्हाईक सहसा त्याला ओळखत नसत. ओळखणारा एखादा निघालाच तर दुसऱ्याच्या कानाशी लागायचा आणि दोघं वळून बघायचे. सुरुवातीला त्याला ते फार लागायचं. मग सवय झाली, म्हणजे तो तसं सांगायचा. झाली नव्हती. रात्रंदिवस त्याला एवढंच हवं होतं की सरकारने कुठेतरी, कोणासमोर तरी, एक वाक्य बोलावं: त्याने मला विचारलं होतं. कप नको, बंदीची भरपाई नको. आपण न विचारता ओरडलो नव्हतो, एवढं कोणीतरी म्हणावं, आणि ते म्हणू शकणारा जगात एकच माणूस होता. बायकोने एकदा भावाजवळ विषय काढला होता. तो म्हणाला, जाऊ दे गं, जुन्या गोष्टी.

जुन्या होण्याइतकी वर्षं खरोखरच गेली. सरकार निवृत्त झाला, त्याचं पोट सुटलं, तो खेळाच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. मैदानावर नवी गॅलरी बांधली तेव्हा उद्घाटनाला त्याने त्या फायनलच्याच दोन टीमच्या म्हाताऱ्यांचा सामना ठेवला. आमंत्रण बहिणीच्या हाती आलं. मुका नाहीच म्हणत होता. बायको म्हणाली, जा, मीही येते. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात एक वेडी आशा होतीच. माईक असेल, लोक असतील, वयही झालंय, आज कदाचित बोलेल. त्याने स्वतः शिवलेले ग्लोव्ह पिशवीत भरले.

माईकवर सरकारने एकेकाची ओळख करून दिली. मुक्याची पाळी आली तेव्हा "हा आमचा मुका, याच्याबद्दल मी काय बोलू, तोच कधी बोलत नाही" एवढं म्हणाला. लोक हसले. सरकारने पुढचं नाव घेतलं.

सामना कसला, गंमतच होती. लंबू चार पावलं धावून बॉल टाकत होता. म्हाताऱ्या पंचांना मानाने बोलावलं होतं, त्यांना समोरचं धड दिसतही नसावं. मुका वाकला की गुडघे वाजायचे. शेजारी हातभर अंतरावर सरकार उभा होता, गुडघ्यांवर हात ठेवून, पोट सांभाळत, आणि बडबड चालू होती. पाहुण्यांमध्ये कोण आलंय, गॅलरीचं काम कोणी लटकवलं होतं. मधली वर्षं जणू झालीच नव्हती, आणि क्षणभर मुक्यालाही तसंच वाटलं. त्याला हसू आलं, ते त्याला आवडलं नाही.

डावरा बॅटिंगला आला. त्याचेही केस पांढरे झाले होते. त्याने मुक्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने लंबूचा एक बॉल त्याच्या बॅटची कड घेऊन खाली सरकारकडे गेला. सरकार गुडघ्यांवर कोसळला, दोन्ही हात मातीत घातले, आणि बॉल उंच धरून उठला. गॅलरीतून टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी कॅच घेतला होता. डावरा थबकला. म्हाताऱ्या पंचांनी डोळे बारीक केले आणि जुन्या सवयीने मुक्याकडे पाहिलं.

"क्लीन ना रे, मुक्या?" सरकार म्हणाला.

मुक्याच्या अगदी शेजारी घडलं होतं. बॉल जमिनीवर पडून हातात उडाला होता, त्याला तो स्वच्छ दिसला होता. "टप्पा," मुका म्हणाला. हळू नाही, पंचांनाच नव्हे तर गॅलरीच्या पहिल्या रांगेलाही जाईल इतक्या मोठ्याने. डावरा वळला. त्याने पहिल्यांदाच मुक्याकडे नीट पाहिलं, आणि परत जागेवर जाऊन बॅट टेकवली.

सरकार हसत हसत कपडे झटकत आला. त्याने मुक्याच्या खांद्यावर हात टाकला आणि आवाज खाली आणला. "काय रे, एवढ्या लोकांत पाडलंस मला. क्लीन म्हणून टाकायचं. मी नव्हतं का म्हटलं तुझ्यासाठी? चांगला चार बोटं आधी पडला होता तेव्हा, तरी म्हटलंच ना?"

मुक्याला आधी नीट कळलंच नाही. "तुला दिसला होता?" त्याने विचारलं.

"माझ्या पायापुढे तर पडला. आंधळा आहे का मी?" सरकारने त्याचा खांदा थोपटला. "तू ओरडलास की म्हातारा बोट वर करणार, हे ठाऊक होतं ना. कप आला की नाही?"

तो अगदी सहज बोलला. त्यात खंत नव्हती, भीती नव्हती, जुन्या पोरकट खोडीची आठवण काढावी तसं. आणि मुक्याला मिळालं. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी तो जीव धरून बसला होता, ते हेच होतं: विचारलं होतंस, आणि मी क्लीन म्हटलं होतं. पण त्या वाक्याच्या आत जे होतं त्याने त्याच्याकडची शेवटची गोष्ट नेली. सरकार घाबरला नव्हता. समितीपुढे तो पळाला, ते नंतरचं. त्याच्या आधी, भर उन्हात, डोळ्यांनी टप्पा बघून, त्याने मुक्याचा सगळा जन्म पणाला लावला होता, आणि लावताना त्याला विचारलंही नव्हतं. केसाने गळा कापला म्हणतात तो असा. मुक्याला तिथेच खाली बसावंसं वाटलं.

तो बसला नाही. सरकार जागेवर जाऊन गुडघ्यांवर हात ठेवत होता, तेवढ्यात मुक्याने बोलरला हाक मारली. "लंबू, स्लिप काढ."

लंबूला कळेना. पहिल्या स्लिपला अध्यक्ष उभे आहेत, त्यांना काढायचं कसं? त्याने विचारलं, "कुठे पाठवू?"

"लांब," मुका म्हणाला.

बोलर आणि कीपरने मिळून सांगितलं की फिल्डरला जावंच लागतं, मग तो कोणी असो. सरकार हसायला गेला, मुक्याचा चेहरा बघून थांबला, आणि निघाला. पोट सांभाळत, वळून वळून बघत, तो पार सीमारेषेपर्यंत गेला. गॅलरीत थोडी कुजबूज झाली. मुका ग्लोव्ह एकमेकांवर आपटून वाकला. शेजारी पहिल्यांदाच कोणी नव्हतं. उरलेला सामना तो तसाच खेळला आणि माईक परत चालू व्हायच्या आत पिशवी भरून निघाला.

बसस्टॉपवर दोघंच होती. बायको म्हणाली, "दादाला एवढं लांब कोणी पाठवलं?"

"मी."

ती त्याच्याकडे वळली. "मग तेव्हा घाबरला नव्हता तो?"

"नाही," मुका म्हणाला. "दिसला होता त्याला."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. समोरून एक बस गेली, ती त्यांची नव्हती. "मग इतकी वर्षं मला त्याच्या दारात का पाठवत राहिलात?" ती म्हणाली. "त्याच्याकडे बसले, उठले, हसले मी. तुम्ही सांगितलंत म्हणून."

असंच त्याने पूर्वी एकदा ऐकलं होतं, त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, म्हाताऱ्या पंचांच्या तोंडून: मुक्याने अपील केलं म्हणून मी दिला. त्या संध्याकाळी बायकोने विचारलं तेव्हा त्याला काही दिसलेलं नव्हतं, आणि तरी तो बोलला होता. त्याने सवयीने मान जराशी वळवली, पहिली स्लिप उभी असायची त्या बाजूला. तिथे रिकामा रस्ता होता.